ज्योत मालवा, वीज वाचवा

“मोठ्यानं म्हणा, खंडारेबाई. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“जोत मालवा, इज वाचवा.”

“ज्योत. वीज. पुन्हा.”

“जोत…” खंडारेमावशीनं पुन्हा सुरुवात केली. आमच्या महिला वॉर्डातली आया, नातवंडं असलेली बाई, पण शाळेतल्या पोरीसारखी हात बांधून उभी होती. सकाळच्या सभेत आम्ही सगळे, डॉक्टर, सिस्टर, कारकून, शिपाई, समोर बसून तिच्याकडे पाहत होतो. तिचा गुन्हा एवढाच की ती पाण्याची बादली भरायला गेली तेव्हा चादरी ठेवायच्या खोलीतला पंखा चालू राहिला, आणि तो नेमका साहेबांच्या नजरेला पडला.

साहेब म्हणजे डॉक्टर असनारे, आमच्या रुग्णालयाचे अधीक्षक. विदर्भातलं तालुक्याचं गाव, एका ट्रस्टचं रुग्णालय. मी तिथं महिला वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. साहेबांना डॉक्टरकीपेक्षा कवितेचा नाद जास्त. त्यात निवृत्ती जवळ आलेली आणि मुदतवाढ ट्रस्टच्या हातात. ट्रस्टचे अध्यक्ष नानासाहेब निंभोरकर एकदा विजेच्या बिलावरून काहीतरी पुटपुटले, आणि साहेबांच्या अंगात वीजबचत संचारली. त्यांनी एका बैठकीत हे घोषवाक्य रचलं आणि पेंटर बोलावून प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत रंगवून घेतलं. ज्योत मालवा, वीज वाचवा.

आता मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही विचारा, ज्योत कोणाची मालवते ते. “दीर्घ आजाराने प्राणज्योत मालवली.” दुसरी कुठली ज्योत मालवल्याचं मी तरी छापून आलेलं पाहिलं नाही. पुरुष वॉर्डातल्या एका म्हाताऱ्यानं शुद्धीवर येऊन डोळे उघडले, समोरची भिंत वाचली आणि त्याच दुपारी पोराच्या खांद्यावर हात टाकून घर गाठलं. पण साहेबांना हे सांगायचं कुणी? उलट आमचे हेडक्लार्क म्हणाले, “काय शब्द शोधलात साहेब! ‘बंद करा’मध्ये ही कोमलता नाही.” ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय!

मग स्पर्धा आली. ज्या वॉर्डाची वीज सगळ्यांत कमी जळेल त्याला पंधरा ऑगस्टला फिरती ढाल. कुठलाही वॉर्ड, कुठलीही खोली बंद केली की साहेबांना फोनवरून कळवायचं, आणि तेही त्यांच्याच शब्दांत. “बंद केलं” म्हटलेलं चालायचं नाही. “एक्स-रेची ज्योत मालवली साहेब.” “स्टोअरची ज्योत मालवली साहेब.” दुपारी टेलिफोनजवळ बसलं की स्मशानाच्या नाक्यावर बसल्यासारखं वाटायचं.

आणि बचत? तिची गंमत सांगते. साहेबांच्या बुटांना करकर होती. करकर ऐकू आली की पंखे बंद, करकर जिन्यावरून उतरली की पंखे चालू. एक्स-रेच्या एसीसमोर कुणाच्या तरी आंब्यांची पेटी असायची. ऑफिसात हीटरवर चहा उकळायचा. साहेबांच्या केबिनचा एसी तर साहेब बंगल्यावर जेवून झोपलेले असले तरी सुरूच. का, तर साहेब अचानक आले आणि केबिन गरम लागली तर? सगळ्या इमारतीत खरोखर काही बंद होत असेल तर ते ज्यांना रागवता येत होतं अशांच्या हातून. मावशीसारख्यांच्या. त्या सकाळच्या सभेनंतर तर मावशीनं बटणांचा धसकाच घेतला. मोरीतून बाहेर आली तरी परत जाऊन दिवा बघायची.

त्याच मे महिन्यात माझ्या वॉर्डात कवळाबाई तेलगोटे आली. दुसऱ्याच्या वावरात कांदे काढायला गेली होती, तिथंच उन्हानं पडली. आणली तेव्हा अंग तव्यासारखं, शुद्ध नाही. बर्फ, ओल्या चादरी, सलाईन असं करत करत आम्ही तिला परत आणली. लेकीला ओळखू लागली, पेज मागू लागली. डॉक्टर म्हणाले, “वाचली. पण अजून नाजूक आहे. हिला गरमीत ठेवू नका, कूलर हलवू नका.” मी तिची खाट खिडकीतल्या मोठ्या कूलरसमोर घेतली आणि तिच्या लेकीला, सिंधूला, शब्द दिला, “कूलर बंद होणार नाही. तू निवांत राहा.”

बोलायला लागल्यावर कवळाबाईनं पहिली तक्रार केली ती कूलरचीच.

“मी मोरीत गेली तं हा कायले फिरून राह्यला? बंद करत जा नं.”

“आजी, दोन मिनिटांसाठी काय बंद करायचं?”

“दोन मिंट तं दोन मिंट. कोनाची तरी इज जळते नं?”

सिंधू हसायची. “मायले तशीच सवय हाय सिस्टर. आमच्या घरी एकच बल्ब. तोबी माय अंगनात गेली का बंद. आम्ही अंधारात जेवाचो.”

त्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात वीज मनापासून वाचवणारी तेवढी एकच बाई होती, आणि तिलाच विजेची गरज होती.

मला घोर होता तो वेगळाच. नातेवाईक कूलर वाढवतात म्हणून साहेबांनी वॉर्डांचे बोर्ड वऱ्हांड्यात काढून त्यांना जाळीचं दार आणि कुलूप लावलं होतं. किल्ली मावशीच्या कमरेला. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आत इतका गारठा की साहेब खांद्यावर शाल घेऊन बसले होते. बाहेर झाडावरचे कावळे चोची वासून बसलेले.

“साहेब, महिला वॉर्डाचं कुलूप काढा. उष्माघाताची पेशंट आहे.”

“मोहोड सिस्टर,” साहेबांनी शाल सारखी केली, “पेशंटचा कूलर बंद करा असं मी कधी म्हटलं? नियम काय आहे? खोली रिकामी असेल तेव्हाच ज्योत मालवायची. रि-का-मी. तुमचा वॉर्ड रिकामा आहे का?”

“नाही.”

“मग प्रश्न मिटला.”

नियम अगदी बरोबर होता.

त्याच आठवड्यात नानासाहेब निंभोरकर आमच्याकडे दाखल झाले. आमरसावर ताव मारला होता आणि आंबट ढेकरा येत होत्या. पण अध्यक्षांना ढेकरा येतात असं लिहायचं कसं? साहेबांनी त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी स्पेशल रूम एकमध्ये ठेवलं, एसी लावला, आणि गुलाब शिपायाला दारात बसवून बजावलं, “एक नंबरमध्ये काहीही झालं तरी पहिला फोन मला.”

त्या दुपारी एक नंबरमध्ये झालं ते असं. नानासाहेब जेवले, आणि म्हणाले, “अरे, हा एसी बंद कर रे बाबा, गुडघे धरले माझे.” गुलाबनं एसी बंद केला, दार ओढून घेतलं आणि हुकमाप्रमाणे बंगल्यावर फोन लावला. पुढचं संभाषण गुलाबनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे.

“साहेब, एक नंबरची ज्योत मालवली.”

साहेब झोपेतून उठलेले. “काय? कधी?”

“आत्ताच साहेब. जेवन झालं, अन् लगेच.”

“अरेरे! काही त्रास झाला का रे?”

“नाही साहेब. शांत झोपले. म्हनत होते, धरले म्हून.”

“धरलं? छातीत?”

“गुडघे, साहेब.”

“असतं, असतं तसं. आधी पायच गार पडतात. दार लाव. पुतणे नागपूरहून येईपर्यंत कोणी आत जायचं नाही.”

“लावलंच हाये साहेब.”

“शाब्बास.”

गुलाब खूश. एसी बंद केल्याबद्दल इतकी चौकशी आणि वर शाब्बासकी आजवर त्याच्या वाट्याला आली नव्हती.

साहेब आले ते एक नंबरकडे फिरकलेच नाहीत. डॉक्टर ना तुम्ही? नाडी तरी बघा! पण गेलेल्या अध्यक्षाची नाडी बघून मुदतवाढ थोडीच मिळते. नवे अध्यक्ष म्हणजे पुतणे, आणि ते नागपूरहून पोचतील तेव्हा सगळं रुग्णालय शोकात बुडालेलं दिसलं पाहिजे. साहेबांनी केबिनमधून फर्मान सोडलं. हॉलमध्ये शोकसभा, लगेच. फोटो, हार, उदबत्ती. सिस्टर लोकांनी पुढं उभं राहून प्रार्थना म्हणायची. हजेरी घेतली जाईल, एकही माणूस मागे राहता कामा नये.

मी प्रार्थनेच्या रांगेत. निघताना मावशीला म्हटलं, “मावशी, मी नाही इथं. तू हलू नको. कवळाबाईची चादर ओली करत राहा.”

“हाव सिस्टर. मी कायले जाऊ? मी हाओ नं.”

हॉल गच्च भरलेला. टेबलावर नानासाहेबांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. गुलाब माझ्या शेजारच्या खांबाला टेकून गोंधळलेला. मी हळूच विचारलं, “केव्हा गेले रे?” तो म्हणाला, “मले काय मालूम सिस्टर! मी तं फक्त एसी बंद केला होता. मधल्या टायमात गेले असन.” मोठ्या माणसाच्या मरणाची उलटतपासणी शिपायानं करायची नसते, हे त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

साहेब बोलायला उभे राहिले. कर्मयोगी, दीनांचे कैवारी, वटवृक्ष, सगळं झालं. “आज आपली ज्योत…” म्हणून ते थांबले, चष्मा काढला, डोळे टिपले. “दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून…”

आम्ही उभे राहिलो. मी मान खाली घालण्याआधी सहज मागं पाहिलं, तर शेवटच्या रांगेत खंडारेमावशी. पदर डोक्यावर, हात जोडलेले.

वॉर्डात आता कोण? मग स्वतःलाच समजावलं, मावशी आली असली तरी कूलर आहेच. पण पाय ठरेनात. मी रांगेतून बाहेर पडणार, तेवढ्यात दाराशी काठीचा आवाज झाला.

नानासाहेब निंभोरकर. अंगात बंडी, घामानं थबथबलेले. एसी बंद करून झोपले, उकाड्यानं जागे झाले, घंटा वाजवून वाजवून थकले, कुणी येईना म्हणून माणसं शोधत निघाले होते. माणसं सापडली, ती सगळी माना खाली घालून उभी. ते आमच्या मधून चालत पुढं गेले आणि स्वतःच्या फोटोसमोर थांबले.

पुढच्या रांगेतली एक पोरगी किंचाळली. साहेबांचा चेहरा पांढराफटक. हा माणूस आता जमिनीत जाईल असं मला वाटलं. पण मी त्यांना ओळखलंच नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, फोटोवरचा हार काढला आणि तोच हार नानासाहेबांच्या गळ्यात घातला.

“नानासाहेब! एका चुकीच्या निरोपानं आमचा जीव गेला होता. पण आपल्या शास्त्रात सांगितलंच आहे, माणूस गेल्याची वावडी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. आज आपलं आयुष्य वाढलं! ही शोकसभा नाही, ही दीर्घायुष्य-चिंतन सभा आहे!”

टाळ्या. कोण आधी वाजवतो याचीच चढाओढ. नानासाहेब खुर्चीवर बसले. आपल्या मरणावर एवढे लोक जमले हे पाहून त्यांना बरंच वाटलं असावं.

“मघाशी काय म्हणत होते असनारे? मी दारातून ऐकलं. कर्मयोगी, अन् पुढं?”

साहेबांनी सगळं भाषण पहिल्यापासून केलं. पेढे आणायला माणूस धाडला.

मी गर्दीतून वाट काढत मावशीपाशी गेले. “तुला थांब म्हटलं होतं ना?”

“गुलाब आला नं सिस्टर. म्हने, साहेब हजेरी घेऊन राह्यले, जो दिसनार नाही त्याचं नाव उद्या सभेत. मी कशी थांबू? पन तुमी घोर करू नोका.” तिनं कमरेची किल्ली चाचपली. चेहऱ्यावर काम चोख केल्याचं समाधान. “समदं बंद करून आली. कुलूपबी लावलं.”

“काय बंद केलंस?”

“समदं. पंखे, कूलर. आमी समदे निंगालो नं, रूम खाली झाली.”

मी धावले. आमच्या वॉर्डाचा कूलर म्हणजे खडखडतं इंजिन होतं, त्याच्या आवाजाला आम्ही रोज शिव्या द्यायचो. वऱ्हांड्याच्या टोकाला पोचले तरी तो आवाज येईना. बोर्डाला कुलूप, किल्ली हॉलमध्ये मावशीच्या कमरेला. मी आतलं लोखंडी स्टूल उचललं आणि जाळीवर घातलं. दोनदा, तीनदा, मोजले नाहीत. जाळी वाकली, हात आत घालून सगळी बटणं खाली ओढली.

वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या. बाया वर्तमानपत्रानं, पदरानं, ताटानं वारा घेत होत्या. भेटीची वेळ नाही म्हणून नातेवाईक फाटकाबाहेर. कवळाबाईच्या अंगावरची चादर कोरडी ठक्क झाली होती. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण, टाके असलेली, कशीबशी उठून तिला वारा घालत उभी होती.

“किती ओरडलो सिस्टर,” ती म्हणाली. “त्या बाईले म्हटलं, मावशी कूलर नोको बंद करू. तं म्हने, कोनी नाही वॉर्डात, कोनी नसलं का बंद करा लागते. मंग आमी कोन हाओ वो?”

कवळाबाईच्या कपाळावर हात ठेवला. पहिल्या दिवशी होतं तसंच. घाम नाही, ओळख नाही. मी बर्फ आणला, डॉक्टरांना ओढून आणलं, ते हातातला पेढा टेबलावर ठेवून कामाला लागले. आम्ही करायचं ते सगळं केलं. दिवेलागणीला ती गेली.

कुणी चौकशी केली नाही. उष्माघातानं आली होती, उष्माघातानं गेली, कागदाला यात काय वावगं दिसणार? मी तक्रार लिहून दिली. साहेबांनी ती वाचली आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाले, “सिस्टर, नियम तर तुम्हीही मान्य केला होता. आणि जाळी रुग्णालयाची मालमत्ता आहे.” साहेबांना मुदतवाढ मिळाली. त्या उन्हाळ्यात सगळ्यांत कमी वीज जाळल्याची फिरती ढाल पंधरा ऑगस्टला आमच्याच वॉर्डाला आली. मी ती घ्यायला उठले नाही, म्हणून मावशीला उठवलं. ती सगळ्यांसमोर पुन्हा हात बांधून उभी राहिली, आणि या खेपेला न सांगताच घोषवाक्य म्हणाली. अगदी शुद्ध. ज्योत, वीज.

पण मला त्या ढालीपेक्षा कवळाबाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त आठवते.

सिंधू आईची पिशवी न्यायला आली होती. लुगडं, तांब्या, खोबरेल तेलाची बाटली. खिडकीजवळची खाट मोकळी, गादी गुंडाळून ठेवलेली. मी टेबलाशी होते, मावशी फरशी पुसत होती, म्हणजे नियमानं वॉर्ड भरलेला. त्यामुळं सगळं सुरू होतं. मोकळ्या खाटेवरचा पंखा गरगर फिरत होता आणि गुंडाळलेल्या गादीचा कोपरा वाऱ्यानं उडत होता.

सिंधू रडली नाही. पिशवी भरली, खाटेवरून हात फिरवला आणि वर पाहिलं.

“सिस्टर, हा आता कोनासाठी फिरून राह्यला?”

मावशीचा फडक्याचा हात थांबला.

“माय असती तं बोलली असती,” सिंधू म्हणाली.

ती वऱ्हांड्यात गेली. मोडक्या जाळीतून हात घालून तिनं एक बटण दाबलं, दुसऱ्याच खाटेवरचा पंखा बंद झाला, तो तिनं घाईनं परत लावला. मग बरोबर बटण सापडलं. आईच्या खाटेवरचा पंखा पुरता थांबेपर्यंत ती दारात उभी राहिली, आणि मग पिशवी उचलून निघून गेली.